आधी सरस, मग रंग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी कोल्हापुरात रेखा व रंगकला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानला जाऊन निहोन्गा, म्हणजे तिथली पारंपरिक चित्रकला शिकायची इच्छा आहे. खनिज रंगांचा छोटा संच आणि सरसाच्या कांड्या ऑनलाइन मागवल्या आणि हातकागदावर जास्वंद रंगवली. दुसऱ्या दिवशी पाकळीवरून बोट फिरवलं तर लाल रंग भुकटी होऊन हाताला आला. पानांवरचा हिरवा मात्र पोपडे धरून सुटला. काय चुकलं? तिथे पुन्हा पदवीपासून सुरुवात करावी लागेल का? जपानी किती यायला हवी आणि खर्च किती येईल? शिवाय आम्ही घरी शाकाहारी. सरस जनावराच्या कातड्याचा म्हणून आई तो स्वयंपाकघरात येऊ देत नाही."

तुमच्या एकाच चित्रात दोन उलट चुका झाल्या आहेत आणि दोन्ही सरसाच्या आहेत. बोटाला भुकटी लागली तिथे सरस कमी पडला. पोपडे सुटले तिथे तो जास्त झाला, किंवा वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा दाट होता. ट्यूबमधल्या जलरंगात डिंक आधीच घातलेला असतो, त्यामुळे रंग कागदाला कशाने धरून राहतो याचा विचार करायची सवयच आपल्याला नसते. निहोन्गाचे खनिज रंग, ज्यांना इवाएनोगु म्हणतात, म्हणजे निव्वळ दगडाची पूड. ती कागदाला बांधायचं काम दर वेळी, दर बशीत, चित्रकारालाच करावं लागतं. जपानला जायचं की नाही हे ठरवण्याआधी हे काम तुम्हाला आवडतं का, ते घरीच तपासून पाहा.

सुरुवातीचं प्रमाण १० ग्रॅम सरसाला १०० मिलिलीटर थंड पाणी. कांडी साधारण १० ग्रॅमची असते, तरी वजन करूनच घ्या. ती जाड फडक्यात गुंडाळून मोडा, नाहीतर कपच्या उडतात. तुकडे रात्रभर पाण्यात भिजू द्या, आणि एप्रिल-मेमध्ये भांडं फ्रिजमध्येच ठेवा. सकाळी तुकडे फुगून मऊ झालेले असावेत. दाबल्यावर मधे कडक गाठ लागली तर आणखी भिजवा. मग गरम पाण्याच्या पातेल्यात ही वाटी ठेवून लाकडी काडीने हलवत विरघळवा. तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यासाठी थर्मामीटर घ्याच. उकळी फुटली की सरसातल्या प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात. द्रावण दिसायला तसंच दिसतं, पण त्याची धरायची ताकद गेलेली असते. वाटी थेट गॅसवर ठेवली असेल तर तुमच्या लाल भुकटीचं कारण बहुधा हेच.

विरघळलेला सरस मलमलीतून गाळून काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत तो गोठतो, म्हणून वापरायच्या आधी बरणी कोमट पाण्यात धरायची. चार-पाच दिवसांत संपवा. वास फिरला किंवा फ्रिजमध्येही पातळच राहिला, तर तो सरस कामातून गेला असं समजून टाकून द्या.

आता रंग. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत अर्धा चमचा पूड घ्या, त्यावर सरसाचे थेंब टाका आणि मधल्या बोटाच्या पेराने मळा. या टप्प्यावर पाणी बिलकूल घालायचं नाही. आधी पाणी पडलं तर सरस त्या पाण्यातच पसरतो आणि कण नीट माखले जात नाहीत. लगदा दाटसर, एकजीव झाला आणि बशी तिरकी केल्यावर सरस वेगळा ओघळला नाही की मग पाणी, तेही थेंबाथेंबाने. ब्रश भरताना दर वेळी तळापासून ढवळा. कण जड असतात, लगेच खाली बसतात. न ढवळता वरवरचं पाणी उचललं तर कागदावर नुसता सरस जातो आणि तिथे चकाकणारा डाग उमटतो.

तुमच्या संचातल्या डब्यांवर आकडे असतील. ते साधारण ५ ते १३ असे असतात आणि सगळ्यात बारीक पुडीला 'ब्याकु' म्हणतात. आकडा लहान तितके कण भरड आणि रंग गडद. आकडा मोठा तितकी पूड बारीक आणि रंग फिका. म्हणजे एकाच दगडाच्या निळ्यातून गडदपासून जवळजवळ पांढुरक्यापर्यंत सगळ्या छटा निव्वळ दळण्यातून मिळतात. अडचण अशी की भरड कण जड असल्याने त्यांना दाट सरस लागतो, आणि बारीक पुडीचं एकूण पृष्ठफळ मोठं असल्याने ती सरस भराभर पिते. सगळ्या डब्यांना सारखेच थेंब टाकले तर काही रंग झडतात आणि काही तडकतात. दोन वेगळ्या आकड्यांचे रंग एका बशीत मिसळले तर भरड आधी बसतो आणि कागदावर रंग फुटून दोन छटा दिसतात. कधी ते मुद्दाम करतातही, पण सध्या टाळा.

चित्र काढण्यापूर्वी एक चाचणीपट्टी करा. एकच रंग, ९ किंवा १० नंबरचा, तीन बशांत अर्धा-अर्धा चमचा घ्या. एकीत सरसाचे ५ थेंब, दुसरीत १०, तिसरीत १५. तिन्हींत पाणी सारखंच. प्रत्येकाचा एक चौकोन रंगवा, पूर्ण दिवस वाळू द्या आणि मग कोरड्या बोटाने घासा. ज्या चौकोनाची भुकटी येत नाही आणि पृष्ठभाग चमकतही नाही, ते त्या रंगाचं तुमच्या सरसाशी जुळलेलं प्रमाण. वहीत लिहून ठेवा. हीच पट्टी पावसाळ्यात पुन्हा करा. दमट हवेत थर उशिरा वाळतात आणि सरस लवकर नासतो, त्यामुळे हिशेब बदलतो.

हिरव्या पानांचे पोपडे मात्र थरांमुळे सुटले असावेत. नियम असा: खालचे थर जरा जोरकस सरसाचे, वर जाताना सरस हलका. सरस वाळताना आकसतो. वरचा थर जास्त दाट असला तर आकसताना तो खालच्याला ओढून घेतो आणि दोन्ही मिळून उचलले जातात. शिवाय प्रत्येक थर पुरता वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये.

तुमच्या हातकागदाला दोसा दिला होता का, ते पत्रात नाही. दोसा म्हणजे सरस आणि तुरटीचं पातळ पाणी. ते न दिलेला कागद रंगातला सरस शोषून घेतो आणि पूड वर उघडी पडते. १ लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम सरस वरच्याच पद्धतीने विरघळवा, आचेवरून उतरवून कोमट होऊ द्या आणि मग सुमारे ५ ग्रॅम तुरटीची पूड घाला. रुंद, मऊ, सपाट ब्रशने, फेस न येऊ देता, एका दिशेने ओढत लावा. कोरड्या, उन्हाच्या दिवशीच हे काम करा. एक बाजू वाळली की दुसरी. वाळल्यावर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो वर टिकला तर ठीक. कागद तिथे गडद होऊन थेंब आत गेला तर दोसा गळतोय, आणखी एक हात द्या. तुरटी अंदाजाने जास्त टाकू नका. कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांत ठिसूळ होतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही.

जपानमध्ये मोठ्या चित्रांना कुमोहादा माशी नावाचा कागद वापरतात. फुकुइ प्रांतातल्या एचिझेन भागात तो तयार होतो आणि त्यात कोझो झाडाच्या सालीचे व तागवर्गीय वनस्पतीचे लांब धागे असतात, म्हणून खनिज रंगांचे जड थर तो पेलतो. सरावाला तो मागवायची गरज नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा सुती कागद, दोसा देऊन, पुरेसा आहे.

पांढऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खरी परीक्षा तिथेच होते. गोफुन हा पांढरा रंग, वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा. तो बशीत सरसात कालवून लगेच लावता येत नाही. खलात वीस-तीस मिनिटं इतका खला की बोटांत खर लागू नये. मग सरसाचे थेंब टाकत गोळा जमवा आणि पोळ्यांची कणीक तिंबतो तसा तिंबा. तो गोळा बशीवर शंभरेक वेळा आपटतात. त्याने आतली हवा निघते आणि सरस सगळीकडे सारखा पोचतो. शेवटी गोळ्याची वळकटी करून बशीत चिकटवायची, थोडं कोमट पाणी घालायचं आणि बोटाने हलके हलके सोडवत न्यायचं. तिंबणं अर्धवट राहिलं तर वाळल्यावर बारीक भेगा पडतात आणि पांढरा गळतो. दुसरी चूक घाईची: ओला असताना गोफुन जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळत जाईल तसा पांढरा होत जातो. नवखा माणूस दिसत नाही म्हणून जाड थर देतो आणि दोन तासांनी तो तडकलेला सापडतो. पातळ थर द्या, थांबा, पुन्हा द्या.

विषारीपणाचंही आत्ताच सांगतो. खरा हिंगूळ, म्हणजे लाल खनिज रंग, हे पाऱ्याचं संयुग आहे. निळा अझुराइट आणि हिरवा मॅलेकाइट तांब्याचे. ब्रशचं टोक ओठांनी करू नका, कोरडी पूड हाताळताना मास्क लावा आणि बोटाला जखम असेल तर रबरी टोपी घाला. निळा-हिरवा रंग तव्यावर भाजून गडद करतात, ते पाहून हिंगूळ कधीही भाजू नका, पाऱ्याची वाफ होते. शिकताना खऱ्या दगडाचे रंग लागतही नाहीत. काचेच्या मिश्रणात धातूंची ऑक्साइडं वितळवून केलेले कृत्रिम खनिज रंग जपानी विद्यार्थीही रोज वापरतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. खरा अझुराइट महाग असतो. जपानी दुकानांत तो १५ ग्रॅमच्या मापाने मिळतो, यावरूनच अंदाज बांधा.

आता आईंच्या हरकतीचं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, सरस गाईच्या किंवा हरणाच्या कातड्या-हाडांचाच असतो. आणि तिथल्या वर्गात त्याला बगल देता येत नाही. दोसापासून शेवटच्या थरापर्यंत तो असतोच. बाभळीच्या डिंकाने आपल्याकडची लघुचित्रं होतात, पण जाड थरात डिंक तडकतो आणि वरून ओला ब्रश फिरला की खालचा रंग पुन्हा विरघळतो. म्हणून हा प्रश्न दोन भागांत सोडवा. घरी सरसाचं काम स्वयंपाकघराबाहेर, वेगळं पातेलं आणि छोटी विजेची शेगडी घेऊन करा. तसंही विषारी रंगांमुळे भांडी वेगळी हवीतच. आणि स्वतःला विचारा की रोज सात-आठ तास या पदार्थात हात घालणं तुमच्या मनाला पटतं का. पटत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण तिथे गेल्यावर दुसरा मार्ग सापडणार नाही.

शिक्षणाकडे वळू. पदवी हातात असताना पुन्हा पदवीच्या पहिल्या वर्षाला जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. टोकियो कला विद्यापीठाच्या निहोन्गा शाखेची प्रवेशपरीक्षा म्हणजे नेमून दिलेल्या वेळेत पेन्सिलचं रेखाटन आणि पारदर्शक जलरंगात स्थिरचित्र. जपानी मुलं खास शिकवणी वर्गांत एक-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, याचीच तालीम करून येतात. तुमचा मार्ग वेगळा: आधी संशोधक विद्यार्थी म्हणून, म्हणजे पदवीसाठी नव्हे तर तयारीसाठी, एखाद्या प्राध्यापकांकडे सहा महिने ते दोन वर्षं राहायचं, तिथे राहून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा.

नुसतं टोकियो डोळ्यांपुढे ठेवू नका. क्योतो नगर कला विद्यापीठाची परंपरा १८८० साली सुरू झालेल्या चित्रशाळेपासूनची, म्हणजे टोकियोच्या सरकारी कलाशाळेपेक्षाही जुनी. ताकेउची सेइहो हे नामवंत निहोन्गा चित्रकार तिथे शिकवत असत आणि प्रत्यक्ष निरीक्षणावर भर देणारा मारुयामा-शिजो घराण्याचा वारसा त्या शहराचाच. कानाझावा आणि आइची इथली सार्वजनिक कला विद्यापीठं, टोकियोची मुसाशिनो, तामा आणि जोशिबी ही खासगी विद्यापीठं, सगळीकडे निहोन्गा शिकवतात. जतन आणि दुरुस्तीकडे ओढा असेल तर टोकियो कला विद्यापीठाच्या जतनशास्त्र विभागात जुन्या जपानी चित्रांसाठी वेगळी प्रयोगशाळा आहे.

वर्गात दिवस कसा जातो हेही ऐका. चित्राला आधी प्रत्यक्ष समोर बसून केलेली रेखाटनं, त्यांतून छोटा कच्चा आराखडा, मग मूळ मापाचा आराखडा. तो कोळशाच्या कागदाने खऱ्या कागदावर उतरवायचा, शाईने रेषा बांधायची आणि त्यानंतर रंग. १०० नंबरचं चित्र (हा नंबर रंगाचा नव्हे, चित्राच्या मापाचा) म्हणजे साधारण १६२ बाय १३० सेंटिमीटर. ओला खनिज रंग उभ्या फळीवर ओघळतो, म्हणून फळी जमिनीवर आडवी ठेवतात आणि मधल्या भागापर्यंत हात पोचावा म्हणून वर आडवी पाट टाकून तिच्यावर बसून रंगवतात. गुडघे-पाठ धड ठेवा.

जुन्या चित्रांच्या नकला हा अभ्यासाचा मोठा भाग. मूळ चित्राच्या प्रतीवर पातळ मिनो कागद ठेवतात, तो एका गोल दांड्याला गुंडाळून डाव्या हाताने वर-खाली उघडझाप करतात, आणि डोळ्यांत उरलेल्या प्रतिमेवरून उजव्या हाताने बारीक ब्रशची रेषा ओढतात. खालचं दिसत असताना गिरवायचं नसतं. एक नक्कल मूळ अवस्थेची करतात, दुसरी डाग, भेगा, झिजलेले कोपरे यांच्यासह आजच्या अवस्थेची. याला तिथे फार मान आहे, आणि त्याला कारण आहे. नारा इथल्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं १९४९ च्या आगीत जळाली. १९६७-६८ मध्ये निहोन्गा चित्रकारांच्या गटांनी ती पुन्हा रंगवली. त्या भित्तिचित्रांची तुलना नेहमी आपल्या अजिंठ्याशी होते. अराइ कानपो हे निहोन्गा चित्रकार १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्यात नकला करायला आले होते. त्यांतल्या अनेक नकला टोकियोत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. त्याआधी १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे निहोन्गा चित्रकार कलकत्त्याला टागोरांकडे आले, आणि तुम्ही अभ्यासक्रमात शिकलेलं बंगाल शैलीचं वॉश तंत्र त्या भेटीतून पुढे आलं. पण वॉश येतं म्हणून निहोन्गा येईल असं मानू नका. सरस आणि खनिज रंग हे वेगळंच काम आहे.

प्राध्यापकांना पाठवायच्या कामात चेरीची फुलं, फुजी पर्वत, किमोनोतली बाई असलं काही घालू नका. भारतात बसून केलेली जपानी दिसणारी चित्रं त्यांना काहीच सांगत नाहीत. त्यांना तुमची नजर पाहायची असते. जास्वंदीचं एकच झाड घ्या आणि महिनाभर त्याच्यासमोर बसा: कळी, अर्धी उमललेली, संध्याकाळी मिटलेली, देठ फांदीला जुळतो तो सांधा, पानाची मागची बाजू आणि तिच्या शिरा. पेन्सिल, वर पातळ पारदर्शक जलरंग, कडेला रंगांच्या नोंदी. तसाच केळीचा कोका, तशीच गोठ्यातली म्हैस. अशी वीसेक पानं, सरसाच्या चाचणीपट्ट्यांचे फोटो आणि दोन-तीन पूर्ण चित्रं, इतकं पुष्कळ झालं.

भाषा. शिकवणं आणि चित्रांवरची चर्चा जपानीतच होते. प्राध्यापकांशी संपर्क साधताना जे.एल.पी.टी. या जपानी भाषापरीक्षेची एन-३ पातळी आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेपर्यंत तिच्या वरची एन-२, हे लक्ष्य ठेवा. ही भाषापरीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे आणि जपानी शिकवणाऱ्या जुन्या संस्थाही पुण्यात आहेत.

पैसे. राष्ट्रीय विद्यापीठांचं मानक शुल्क वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे एकदाच २,८२,००० येन. टोकियो कला विद्यापीठाचं वार्षिक शुल्क ६,४२,९६० येन आहे. संशोधक विद्यार्थ्याला मानक दर महिन्याला २९,७०० येन. खासगी विद्यापीठांत याच्या दुप्पट ते तिप्पट धरा. रंग-कागदाचा खर्च वेगळा, आणि तो लहान नसतो. म्हणून जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर भर द्या. वय ३५ च्या आत लागतं. शुल्क माफ होतं, विमानभाडं मिळतं आणि संशोधक विद्यार्थ्याला महिन्याला सुमारे १,४३,००० येन मिळतात. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, पण निहोन्गाच्या विद्यार्थ्याला तितका वेळ मिळणं कठीण.

दूतावासामार्फतचे अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये असतात. त्यानंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत होते आणि प्राथमिक निवड झाल्यावर विद्यापीठांकडून संमतिपत्र मिळवायचं असतं. प्राध्यापकांशी ओळख मात्र त्याच्या बरीच आधी, आदल्या हिवाळ्यात व्हायला हवी. पत्र एका पानाचं, जपानीत, शिक्षकांकडून तपासून घेतलेलं. जपानी संस्कृती आवडते, एवढंच लिहून भागत नाही. काय करायचं आहे ते लिहा, जसं की अजिंठ्यातल्या एखाद्या तपशिलाची खनिज रंगांत आणि सरसात नक्कल. वहीच्या पानांचे फोटो खिडकीच्या उजेडात, पान सपाट ठेवून आणि सावली न पडू देता काढा. सगळी पानं एका हलक्या पीडीएफमध्ये बांधून पाठवा, आणि तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा.